माळ्यावरचा रेडिओ परत बोलता करायचाय? मग आधी प्लग लावू नका

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून रेडिओ खाली आला की घरातल्या कुणाला ना कुणाला खुमखुमी येतेच, लावून बघूया का? नका लावू. मी लावला होता. आमच्या वाईच्या घरचा आजोबांचा लाकडी व्हॉल्व्हचा सेट, वीस-बावीस वर्षं बंद, मी तो छान पुसला, प्लग घातला, बटण फिरवलं आणि मिनिटभरात आतून फट् करून आवाज, मागोमाग जळक्या मेणाचा वास आणि खोलीभर धूर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजोबा तुला हात लावू देत नव्हते ते बरोबरच होतं." तो सेट परत बोलायला लागेपर्यंत आठ महिने गेले, त्या आठ महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितोय.

आधी ओळखा तुमच्याकडे काय आहे ते. मागचा पुठ्ठा स्क्रू काढून उघडा. आत काचेचे छोटे बल्बसारखे दिवे दिसले तर व्हॉल्व्ह, नुसतीच हिरवी किंवा तपकिरी पट्टी आणि सेलची जागा असेल तर ट्रान्झिस्टर. (आत पाल, पालीची अंडी, झुरळं, उंदरानं कुरतडलेल्या वायरी यातलं काहीतरी निघणारच, तयारीनं उघडा.) रंगकामाच्या मऊ ब्रशनं धूळ झटका, ओलं फडकं आत अजिबात नको. डायलच्या काचेवर आतल्या बाजूनं स्टेशनांची नावं छापलेली असतात, ती घासू नका, पुसली गेली की गेली. मी अर्धं 'कोलंबो' असंच घालवलंय.

आणि हो, आत किंवा मागच्या कप्प्यात एखादी छोटी पुस्तिका सापडली तर फेकू नका, ते लायसन्स असेल. रेडिओ ऐकायला सरकारी लायसन्स लागायचं हे आजच्या पोरांना खरंच वाटत नाही. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, आमच्या पुस्तिकेत १५ रुपयांच्या नोंदी आहेत, ऐंशीच्या दशकात ती भानगड बंद झाली. तपासनीस आला म्हटल्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी ट्रान्झिस्टर तांदळाच्या डब्यात घातला होता, तो आतून चालूच राहिलेला, पुढचं तुम्ही समजून घ्या.

ट्रान्झिस्टर असेल तर काम सोपं. सेल आतच फुटून पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते, ती खरवडून स्प्रिंगा आणि पत्र्या बारीक पॉलिशपेपरनं चकचकीत करा. मग नवे सेल. आम्ही लहानपणी उतरलेले सेल उन्हात ठेवायचो, तासभर बरे चालायचे, पण सेल उन्हात ठेवा असं आता मी सांगणार नाही. अ‍ॅडॅप्टर लावायचा असेल तर दोन गोष्टी बघा, व्होल्टेज (चार मोठे सेल म्हणजे ६ व्होल्ट) आणि प्लस-मायनस, कारण जुन्या सेटमध्ये हे आजच्यापेक्षा उलटं असू शकतं आणि चुकलं तर ट्रान्झिस्टर जातात. मोबाईलचा चार्जर तोडून जोडण्याचा उद्योग करू नका, त्याची घरघर स्टेशनापेक्षा मोठी येते. आवाज कमी-जास्त करताना खरखर होत असेल तर आत धूळ आणि कार्बन बसलाय, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो मारून बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. काटा हलत नसेल तर डायलचा दोरा तुटलाय. तो कुठून कसा गुंडाळलाय त्याचा फोटो काढल्याशिवाय उरलेला दोरा सोडवू नका, अगदी कळकळीनं सांगतोय.

व्हॉल्व्हच्या सेटला मात्र मान द्यावा लागतो. आत दोन-अडीचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या भागांमध्ये) करंट राहतो. त्यातही काही सेट एसी-डीसी असतात, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे प्लग उलटा बसला की आतली सगळी चासी (धातूचा सांगाडा) फेजवर, आणि बटणाच्या स्क्रूला बोट लागलं तरी झटका. मागच्या पुठ्ठ्यावर बहुतेक लिहिलेलं असतं, वाचा. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर कागदाचे, मेण लावलेले कंडेन्सर आणि ते मोठे फिल्टर कंडेन्सर खराब होतात, माझा तोच फुटला. ते बदलायला जुना मेकॅनिक शोधा. जुन्या बाजारपेठेत, घड्याळवाल्याच्या किंवा मिक्सर रिपेअरवाल्याच्या शेजारी एखादे काका अजून बसलेले असतात, दुकानावर पाटी टीव्हीची असली तरी हात रेडिओवर बसलेला असतो. आमच्या काकांनी पैसे घेतले सहाशे आणि गप्पा मारल्या तीन दिवस.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावायला सांगा, म्हणजे रेडिओच्या फेजच्या वायरमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. आणि एसी-डीसी सेटमध्ये एकही व्हॉल्व्ह पेटत नसेल तर सगळे गेले असं समजून रडू नका, त्यांचे फिलामेंट गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे विझतात.

बटण फिरवल्यावर अर्धा-पाऊण मिनिट काहीच होत नाही. व्हॉल्व्ह तापतात, डायलमागचा दिवा पिवळा होतो, मग हळूहळू हंऽऽ असा आवाज. आजोबा सकाळी सहा चोपन्नला बटण फिरवायचे, म्हणजे बरोबर पंचावन्नला "इयम् आकाशवाणी", संस्कृत बातम्या, बलदेवानंद सागर. घरात संस्कृत कुणालाच येत नव्हतं. पण त्या संपल्या की आंघोळीचा नंबर कुणाचा हे ठरलेलं, आणि ७:०५ ला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की चहा झालेला असायलाच हवा.

आता एरियल. जुन्या घरात भिंतीला तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, तिच्यावर चिमण्या बसायच्या. ती मिळाली नाही तर दहा-पंधरा मीटर साधी वायर गच्चीवर आडवी ताणा, पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की काढून ठेवा. ट्रान्झिस्टरला मीडियम वेव्हसाठी आत फेराइटची कांडी हेच एरियल असतं, त्यामुळे अख्खा सेट हळूहळू फिरवून बघा, एका दिशेला आवाज उघडतो. आजोबा ट्रान्झिस्टर कोनाड्यात तिरका ठेवायचे ते उगाच नव्हतं. घरातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, वायफायचे अ‍ॅडॅप्टर बंद करून बघा, निम्मी खरखर तिथेच जाते.

लांबचं स्टेशन रात्री शोधा. दिवसा उन्हामुळे आकाशात वर एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह खाऊन टाकतो, अंधार पडला की तो विरतो आणि लहरी वरून परतून लांब जातात. जुन्या डायलवर किलोहर्ट्झऐवजी मीटर असतील तर तीन लाखाला मीटरनं भागा. पुणे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७८.८ मीटर, हा आकडा माझ्या पिढीला पाढ्यांसारखा पाठ आहे. सांगली १२५१, मुंबईचं ब केंद्र ५५८, नागपूर ५८५.

आता खरी अडचण. सेट नीट झाला तरी ऐकणार काय? मीडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद झालेत, कार्यक्रम एफएमवर गेलेत आणि जुन्या सेटला एफएम नाही. यावर उपाय सेटच्या पाठीवरच असतो. 'ग्रॅम' किंवा 'पिकअप' लिहिलेली दोन भोकं बघा, तिथे रेकॉर्ड प्लेयर लागायचा. ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तरच (एसी-डीसीला अजिबात नाही, मेकॅनिकला विचारून) त्यात ब्लूटूथ रिसीव्हर जोडा, मोबाईलवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप लावा, आणि विविध भारती आजोबांच्या स्पीकरमधून ऐका. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला चालतं. आवाज त्या लाकडातूनच येतो ना. फक्त अ‍ॅपवरच्या वेळेवर घड्याळ लावू नका, इंटरनेटवरून येणारा आवाज थोडा मागे असतो. पूर्वी बातम्यांआधीच्या पिप-पिपवर अख्खं गाव घड्याळ लावायचं.

बुधवारी रात्री आठला मात्र काही उपाय नाही. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, म्हणजे गाजलेल्या हिंदी गाण्यांची क्रमवारी, शॉर्टवेव्हवर यायची, आवाज लाटेसारखा फुगायचा, ओसरायचा, नेमकं पहिल्या पायदानाचं गाणं सांगताना अमीन सयानी समुद्रात बुडायचे, मग दादा काट्याला केसभर हलवायचा आणि "बहनों और भाइयों" परत वर यायचं. आता रेकॉर्डिंग मिळतात, स्वच्छ, एकही खरखर नाही. दादाला ऐकवलं तर म्हणाला छान आहे, पण हात काट्याकडेच जात होता त्याचा.

ऐकायचं असेल तर एक करा, वेळ ठरवून ऐका आणि गाणं बदलू नका. भूले बिसरे गीत सकाळी, जयमाला संध्याकाळी, जे लागेल ते. नावडतं गाणं लागलं तर उठून भाजी निवडायला घ्या, आई तेच करायची. आजी सांगायची, १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालून समोर बसायचे, वर्षभर, ५६ गाणी. पुढचं गाणं कधी येणार हे माहीत असायचं, ते लवकर आणायची सोय नव्हती.

रात्री बंद करताना आधी बटण, मग प्लग. आणि व्हॉल्व्हचा सेट असेल तर वर क्रोशाचं कव्हर लगेच टाकू नका, अर्धा तास तसाच राहू द्या, आत अजून गरम असतं.