पट्टी सरळ हवी होती, झाली जिना

मॅक्रमचं (दोऱ्यांना गाठी मारून करायचं विणकाम) पहिलं वॉल हँगिंग करायला घेतलं. 3 मिमीची सुती दोरी, गुलमोहराची वाळकी फांदी आणि खिडकीच्या कडीला टांगलेला सगळा संसार. दहा-बारा गाठी झाल्या आणि पट्टी स्वतःभोवतीच फिरायला लागली. आधी वाटलं, दोरीलाच पीळ जास्त आहे. दुकानदाराला मनात चार शब्द सुनावूनही झाले.

चूक माझीच होती. चौकोनी गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी: एक डावीकडून, दुसरी उजवीकडून. मी टीव्ही बघत बघत प्रत्येक वेळी डावीकडूनच सुरू करत होते. तशाने गोल जिन्यासारखा पीळच पडतो. कुंडी टांगायच्या शिंक्याला तो मुद्दाम घालतात आणि दिसतोही छान, पण मला सपाट पट्टी हवी होती.

दाभणाने सगळ्या गाठी उसवल्या (अर्धा तास गेला, बोटं हुळहुळली). मग एक युक्ती सापडली. बाहेरच्या दोन दोऱ्यांपैकी एकीच्या टोकाला लाल दोरा बांधला. ही लाल टोकाची दोरी कुठल्याही बाजूला असो, मधल्या दोऱ्यांवरून पुढून तीच न्यायची; दुसरी मागून. मध्येच कुकरची शिट्टी झाली तरी परत आल्यावर कोणती बाजू ते कळतं.

आणखी एक: दोरी दुमडून फांदीला अडकवायची असेल तर हव्या लांबीच्या साधारण आठपट कापा. 50 सेंमीसाठी 4 मीटर. मी तीनच घेतली होती, म्हणून माझ्या हँगिंगला झालर नाही.