ईव्ही मेळाव्याला निघताना: आधी अर्थिंग, मग बाकीचं

कपडे, औषधं, लायसन्स, पाण्याची बाटली यांबद्दल मी काही सांगणार नाही. तेवढी अक्कल प्रत्येकाला असते. आपल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पाचगणीच्या मेळाव्याची तारीख पडली की पहिला फोन रिसॉर्टला लावायचा, कारण रात्री गाड्या तिथेच चार्ज करायच्या असतात, आणि पहिला प्रश्न अर्थिंगचा, म्हणजे सॉकेट वायरने जमिनीशी जोडलेलं आहे का याचा, विचारायचा. "पार्किंगजवळ पंधरा अँपचे पॉइंट आहेत का?" एवढं विचारून फोन ठेवू नका. त्याला "आहेत ना साहेब, भरपूर आहेत" असंच उत्तर येतं आणि ते खरंही असतं. विचारायचं ते असं: त्या पॉइंटच्या मोठ्या भोकाला मागून हिरवी वायर जोडलेली आहे का, आणि ती जमिनीत नेमकी कुठे जाते?

मागच्या खेपेला मी पॉइंट विचारले, अर्थिंग विचारलं नाही. रात्री जेवणं उरकून गाड्या लावल्या तर एकेका चार्जरवर लाल दिवा. दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी बॅटरीच्या आयुष्यावर गप्पा झोडत असताना आम्ही काही जण घाट उतरून फास्ट चार्जरच्या रांगेत उभे होतो. बुकिंग मीच केलं होतं, तेव्हा शिव्या कोणी खाल्ल्या ते सांगायला नको.

यात मॅनेजर खोटं बोलत नसतो. त्याच्या सॉकेटवर मिक्सर चालतो, इस्त्री चालते, लग्नसराईत मांडववाल्याचे हॅलोजन चालतात. यातल्या कशालाच चालण्यासाठी अर्थिंग लागत नाही. ते लागतं माणूस वाचण्यासाठी, त्यामुळे नसलं तर कोणाला झटका बसेपर्यंत पत्ता लागत नाही. भिंतीच्या सॉकेटला लावायच्या आपल्या पोर्टेबल चार्जरचा डबा मात्र खट असतो. करंट सोडण्याआधी तो अर्थ तपासतो आणि सापडला नाही की लाल दिवा लावून गप्प बसतो. गन (गाडीत खुपसायचं चार्जरचं टोक) काढून परत लावा, गाडी लॉक-अनलॉक करा, सर्व्हिस सेंटरला फोन करा, काही होत नाही. दोष भिंतीच्या आत असतो.

आणि अशा वेळी हमखास एखादा हुशार पुढे येतो. "न्यूट्रल आणि अर्थला एक लूप मारू, चार्जर फसतो." चार्जर फसतो हे खरं, पण ते करायचं नाही. मागे कुठे न्यूट्रल सुटला तर फेजचा करंट त्या लूपमधून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, आणि पाचगणीत सकाळी दवाने ओल्या गवतावर अनवाणी उभा राहून कोणीतरी दाराचं हँडल धरतो. मेळाव्याला पोरंबाळं असतात. असा तयार 'अर्थिंग अडॅप्टर' कोणाच्या डिकीत दिसला तर काढून घ्या, मैत्री तुटली तरी चालेल.

तेव्हा करायचं काय? एक, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर विकत घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. मोठ्या पिनचा मागा, नाहीतर पंधरा अँपच्या सॉकेटमध्ये खुळखुळतो. तो अर्थिंग आहे की नाही एवढंच सांगतो, किती चांगलं आहे ते सांगत नाही. म्हणून दोन, मेळाव्याच्या आधी ग्रुपमधल्या वाई-साताऱ्याकडच्या कोणाला तरी गाडी घेऊन तिथे पाठवा आणि प्रत्येक पॉइंटवर पंधरा-वीस मिनिटं चार्जिंग लावायला सांगा. फोटो मागवा, पण सॉकेटचा नको. सॉकेटचा फोटो मॅनेजरनेही मला पाठवला होता, छान पांढरा, नवा कोरा सॉकेट होता. फोटो हवा तो हिरवा दिवा लागलेल्या चार्जरचा. तीन, अर्थिंग आहे पण कमजोर आहे असं निघालं, तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते माळ्याला विचारा आणि त्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतायला लावा. हसू नका. पाचगणी-महाबळेश्वरला पावसाळ्यात धो-धो कोसळतं, पण मार्च-एप्रिलपर्यंत तो जांभा खडखडीत वाळतो, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. चार, काहीच जमत नसेल तर रिसॉर्टच्या वायरमनकडून मुख्य बोर्डापासून अर्थची वेगळी वायर ओढून घ्या. खर्च वर्गणीतून करा. दुपारभराचं काम आहे, फक्त ते आठवडाभर आधी व्हायला हवं. शनिवारी रात्री दहाला वायरमन फोन उचलत नाही.

इतकं करूनही टेस्टर डिकीत हवाच. आधी तपासलेल्या पॉइंटऐवजी "इकडे लावा ना, तिकडे बस उभी आहे" असं सांगून दुसराच पॉइंट पुढे केला जातो.

एक्स्टेंशनबद्दल. घरात टीव्हीमागे असतो तो पांढरा बोर्ड आणू नका. पंधरा अँप रात्रभर ओढले की त्याचं प्लास्टिक वितळतं. निदान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन कोर केबल, लांब अंतर असेल तर चारची, आणि दोन्ही टोकांना दणकट टॉप, म्हणजे प्लग-सॉकेट. रीळ असेल तर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते. आणि तीन कोर म्हणजे तीन. दोन कोरची केबल आणलीत तर रिसॉर्टचं अर्थिंग कितीही उत्तम असलं तरी ते तुमच्या चार्जरपर्यंत पोचणारच नाही. हे मी सांगतोय तरी कोणीतरी दोन कोरचीच आणणार आहे. अर्ध्या तासाने टॉपला हात लावून बघा. चटका बसला तर गाडीतून किंवा चार्जरवरून अँपिअर कमी करा, सोय नसेल तर पॉइंट बदला.

गाड्या किती आणि पॉइंट किती याचा हिशोब एकाने आधीच मांडावा. पंधरा अँपवर साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. रात्री दहा ते सकाळी आठ लावलं तर भिंतीतून ३३ युनिट निघतात, बॅटरीत त्याहून थोडे कमी जातात. ४० युनिटच्या बॅटरीला ते पुष्कळ झाले. पण दहा गाड्या एकदम लावल्या तर ३३ किलोवॉटचा भार होतो, आणि पहाटे सहाला सगळ्या खोल्यांतले गिझर सुरू झाले की मुख्य एमसीबी पडते. गार पाण्याने आंघोळ करावी लागलेल्या बायकापोरांसमोर हरित ऊर्जेचं महत्त्व कोणी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. पाळ्या लावा. लांबून आलेल्यांना पहिली पाळी, पुण्याच्या मंडळींनी मागे थांबावं. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला तर चार्जिंग बंद ठेवा. रिसॉर्टच्या जनरेटरवर गाड्यांचा भार धरलेला नसतो, शिवाय तिथेही न्यूट्रल-अर्थचा घोळ असला की चार्जर परत लाल होतो.

आता रस्ता. पुण्याहून पाचगणी शंभर-एक किलोमीटर, म्हणून लोक ऐटीत निघतात. जाहिरातीतला रेंजचा आकडा घरी ठेवून या. खंबाटकीचा चढ आहे, आणि सुरूर फाट्याला वळून वाई गाठली की पसरणीचा घाट. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. माणसं आणि सामानासकट साडेसतरा-अठरा क्विंटलची गाडी तेवढी वर चढवायलाच तीनएक युनिट लागतात. घाटाच्या अंतराचा खर्च वेगळा. छोट्या बॅटरीच्या गाडीत घाटाच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये पंधरा टक्के खाली आलेले पाहून नवे लोक घाबरतात. घाबरू नका, त्यातलं काही उतरताना रिजनने, म्हणजे उतारावर मोटरनेच बॅटरी भरली जाते त्याने, परत मिळतं. फक्त वाई चाळीस टक्क्यांच्या वर सोडा. कोकणातून पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने येणाऱ्यांनी हा हिशोब दुपटीच्या वर धरावा. ते जवळजवळ समुद्रसपाटीवरून चढतात, महाबळेश्वरपर्यंत नुसत्या उंचीलाच साडेसहा-सात युनिट जातात आणि वाटेत भरवशाचं काही नाही. पावसाळ्यात दरडींमुळे तो घाट कधीकधी बंद असतो, आदल्या दिवशी चौकशी करा. पसरणीत शनिवारी सकाळी ट्रॅफिक तुंबणारच. त्याने रेंज जात नाही, उभ्या गाडीत एसीला फारसं लागत नाही. जातो तो फक्त वेळ.

मुंबईकरांनी टोलचा गोंधळ करू नये. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. पुणे-सातारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, खेड शिवापूरला फास्टॅगमधून पैसे जातातच. माफी असलेल्या नाक्यावरही कापले गेले का ते मेसेजमध्ये बघून घ्या.

हायवेवरच्या फास्ट चार्जरसाठी एका ॲपवर विसंबू नका. दोन-तीन कंपन्यांची ॲपं आधीच टाका, ओटीपी घेऊन ठेवा, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे भरा. नेटवर्क नसलेल्या ढाब्यामागे उभं राहून केवायसी करायची नसते. ऐंशी टक्के झाले की गन काढा. त्यापुढे वेग इतका पडतो की वीस टक्क्यांसाठी मागच्याला तासभर ताटकळावं लागतं, आणि मागचा बहुधा आपल्याच मेळाव्याला निघालेला असतो. काचेवर फोन नंबर ठेवून मगच जेवायला जा. मिसळ पळत नाही.

पोर्टेबल चार्जर घ्या, हेही लिहावं लागतं. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये खिळ्याला टांगलेला असतो आणि तिथेच राहतो. तो घेतला की त्याच्याच पिशवीत टेस्टर टाका. का ते आता विचारू नका.

बारा व्होल्टची बॅटरी कोणाच्या लक्षातच येत नाही. चाळीस-पन्नास युनिटची मोठी बॅटरी पोटात असली तरी दारं उघडायला, स्क्रीन जागी करायला आणि मुख्य बॅटरी गाडीला जोडणारे स्विच (कॉन्टॅक्टर) ओढायला तीच बारकी बॅटरी लागते. मेळाव्यात काय होतं? बॉनेट उघडं, डिकी उघडी, दिवे चालू, गाणी चालू, येणारा-जाणारा आत बसून बटणं दाबतोय. बऱ्याच गाड्या 'रेडी', म्हणजे चालायला तयार, नसताना ही बॅटरी भरत नाहीत. संध्याकाळी मुख्य बॅटरी सत्तर टक्के आणि गाडी ठार मेलेली. तीन-चार वर्षं जुनी असेल तर निघण्याआधी तपासून घ्या, एक जंप स्टार्टर ग्रुपमध्ये असू द्या, आणि गाडी दाखवायची असेल तर 'रेडी'त ठेवून, पार्किंग ब्रेक लावून, स्वतः शेजारी उभं राहून दाखवा.

हवा आदल्या दिवशी, गार टायरमध्ये भरा. स्टेपनी आहे का ते डिकी उघडून बघा. बऱ्याच ईव्हींमध्ये नसते, पंक्चर किट असतं आणि त्यातल्या लिक्विडला मुदत असते.

ज्यांच्या गाडीत व्ही-टू-एल, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय, आहे त्यांनी अडॅप्टर आणावा, म्हणजे टेबललँडच्या कडेला गाडीवर किटली लावून चहा होतो. हा मेळाव्यातला सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम, भाषणांपेक्षा कितीतरी. किटली एकच लावा, शेजारी इंडक्शन नको.

कार्यक्रमाचं काय सांगू? टेस्ट ड्राइव्ह देणार असाल तर इन्शुरन्स चालू आहे ना बघा. ज्याला "बॅटरी बदलायला किती खर्च येतो?" विचारायचंय तो विचारणारच, उत्तर तयार ठेवा. रात्री गारठतं, स्वेटर घ्या. टोपी घ्या. झालं.

परतीचं एकच. सकाळी गाडी शंभर टक्के भरून घाट उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनला जागा नसते, गाडी मोकळी सुटल्यासारखी धावते आणि पसरणीची सगळी वळणं पायातल्या ब्रेकवर येतात. वर चार्जिंगची मर्यादा पंचाऐंशीवर लावा, उरलेलं काही अंशी घाट भरून देतो. रविवारी चारनंतर पुण्याकडच्या चार्जरवर रांगा लागतात, तेव्हा जेवून दीडला निघा. विजेचा दर मात्र बुकिंग करतानाच ठरवून घ्या, युनिटप्रमाणे, आणि प्रत्येकाने आपल्या चार्जरचं किंवा ॲपचं रीडिंग काउंटरवर दाखवून पैसे द्यावेत. त्याच फोनमध्ये अर्थिंगचंही विचारायचंय, आणि आधी ते.