विहीर, बोअर आणि उपसाबंदी: कोकणातील बागायतदाराने पाण्याचा वाद कसा हाताळावा

कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्या टँकरची वाट पाहत असतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी लवकर मुरते खरे, परंतु तीव्र उतारामुळे तितक्याच लवकर ते व्हाळ-पऱ्यांवाटे, म्हणजे लहान ओढ्यांवाटे, खाडीला जाऊन मिळते, आणि दिवाळीनंतर विहिरींची पातळी उतरू लागते. नेमक्या उन्हाच्या आठवड्यांत गावाच्या नळपाणी योजनेची विहीर आणि शेजारच्या आगरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) विहीर एकाच झऱ्यावर अवलंबून राहतात. मग ग्रामपंचायतीची तक्रार जाते, नोटीस निघते, आणि ज्याने वर्षानुवर्षे सुपारी-नारळ शिंपून वाढवले त्याला ऐन वैशाखात पंप बंद ठेवण्यास सांगितले जाते. सुपारीला या दिवसांत पाण्याचा ताण बसला तर फळगळ होते आणि झाड कोवळे असेल तर ते हातचे जाते, त्यामुळे हा वाद बागायतदाराच्या जिव्हारी लागतो. तो हाताळण्याची तयारी नोटीस येण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो थंडीतच करावी लागते. अशा प्रकरणांचा निकाल बहुतेक वेळा कागद आणि मोजमाप यांवर लागतो, आणि या दोन्ही गोष्टी आयत्या वेळी उभ्या करता येत नाहीत.

आधी पाणी कोणते ते ठरवा

व्हाळाला पंप लावून घेतलेले पाणी आणि स्वतःच्या जमिनीतील विहिरीचे पाणी या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदी, नाले, ओढे आणि त्यांतील वाहते पाणी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार शासनाचे आहे. तेथून पाणी उचलायचे तर परवानगी लागते, आणि टंचाईत ती थांबवली जाऊ शकते. विहिरीच्या पाण्याबाबत जुना आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चा. त्याच्या कलम ७ मधील उदाहरणात असे म्हटले आहे की, निश्चित प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. अनेक शेतकरी याच वाक्यावर विसंबून “माझी जमीन, माझी बाव, मला कोण विचारणार” अशी भूमिका घेतात. ती आता टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध केसोराम इंडस्ट्रीज या निकालात खोल भूजलाला सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व, म्हणजे शासन हे पाणी जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते हे तत्त्व, लागू असल्याचे नमूद केले, आणि महाराष्ट्रात तर भूजलावर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र कायदाच आहे. हक्क आहे, परंतु तो नियमनाला बांधलेला आहे, हे मनाशी पक्के करून पुढे जावे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. तो १ जून २०१४ पासून अमलात आला आणि पिण्याच्या पाण्यापुरत्या असलेल्या १९९३ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू नये, ही अट १९९३ पासून चालत आली आहे. ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला २००९ चा कायदा खोल विहीर मानतो आणि तिच्यावर अधिक कडक नियंत्रण ठेवतो. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. बोअरवाले खोली फुटांत सांगतात, आणि २०० फूट म्हणजे जवळजवळ ६१ मीटर. त्यामुळे “दोनशे फुटांपर्यंत चालते” हे गावोगाव ऐकू येणारे विधान चुकीचे आहे. बोअर मारण्यापूर्वीच खोली मीटरमध्ये ठरवावी आणि बिलावर ती लिहून घ्यावी.

रोजगार हमीच्या सिंचन विहिरींसाठी दोन विहिरींमध्ये १५० मीटर अंतराची अट सांगितली जाते. ती योजनेच्या अनुदानाची अट आहे. स्वतःच्या पैशाने पूर्वीच बांधलेल्या विहिरीला ती दाखवून कोणी पंप बंद करण्यास सांगत असेल, तर ही अट कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात आहे, असे लेखी विचारावे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शेतीसाठीच्या उपशाला ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली आहे, हेही माहीत असावे. मात्र त्यामुळे राज्याच्या कायद्यातून सुटका होते असे समजू नये.

कागद

विहिरीचे वय सिद्ध करणे हे पहिले काम. पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर नंतर झाली आणि आपली आधीची असेल, तर “अंतराच्या आत नवी विहीर खोदली” हा आरोपच उभा राहत नाही. सातबाऱ्यावरील इतर हक्कांत विहिरीची नोंद आहे का, गाव नमुना बारामध्ये जलसिंचनाचे साधन म्हणून ती दाखवली आहे का, हे पाहावे. नसल्यास ई-पीक पाहणी करताना नोंदवावी आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्यावी. कृषिपंपाच्या वीजजोडणीचे मंजुरीपत्र हा फार उपयोगी पुरावा ठरतो, कारण त्यावर तारीख असते. विहिरीसाठी काढलेल्या बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचे कागद, जुन्या खरेदीखतातील विहिरीचा उल्लेख, बोअरच्या गाडीचे बिल, हे सर्व एका फाइलीत लावावे.

कोकणातली खरी अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. एका सर्व्हे नंबरवर पणजोबांपासूनची पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मयत, उरलेली मुंबईत. विहीर कोणाच्या हिश्श्यात आणि पाण्याची पाळी कोणाची, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते पण कागदावर कोठेच नसते. वारस नोंदी आधी करून घ्याव्यात आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा हिस्सेदारांकडून पाण्याच्या पाळीबाबत स्टॅम्प पेपरवर संमतिपत्र लिहून घ्यावे. सगळे एका घरात जमण्याची ही संधी वर्षातून एकदाच येते, आणि भांडण सुरू झाल्यावर हीच सही मिळवायला वर्षे लागतात.

मोजमाप

नोटिशीतला मुख्य आरोप बहुधा असा असतो की, तुमच्या उपशामुळे गावाची विहीर आटते. हा तांत्रिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दोरी, वजन आणि वही घेऊन शोधता येते. दोरीला प्रत्येक मीटरवर गाठ मारावी, टोकाला दगड बांधावा आणि पहाटे पंप सुरू करण्यापूर्वी काठावरच्या एका ठराविक खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. खूण कायम राहावी म्हणून काठाच्या चिऱ्यावर रंगाची रेघ ओढावी. पंप बंद केल्यावर लगेच एकदा, त्यानंतर दर अर्ध्या तासाला पुन्हा मोजावे. विहीर किती वेळात मूळ पातळीला येते यावरून झऱ्याची ताकद कळते. बांधीव विहिरीत जुनी माणसे चिऱ्यांच्या थरांवरून पातळी सांगतात; ती सांगोवांगी माहितीही तारखेसह वहीत लिहावी, पण शेजारी मीटरमधला आकडा असलाच पाहिजे.

खरी कसोटी दोन विहिरींची एकत्र मोजणी ही आहे. ग्रामसेवक किंवा पाणीपुरवठा समितीचा सदस्य यांना सोबत घ्यावे. एक दिवस आपला पंप पूर्ण बंद ठेवून सार्वजनिक विहिरीची पातळी सकाळ-संध्याकाळ मोजावी, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीइतका उपसा करून त्याच वेळी पुन्हा मोजावी. योजनेचा उपसा दोन्ही दिवशी सारखा असला पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. दोन्ही दिवसांच्या आकड्यांखाली उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या डोंगराळ भागात दोन विहिरींमधले अंतर नकाशावर ३०० मीटर असले तरी मध्ये टेकडीचा कणा असू शकतो, आणि दोन विहिरी दोन वेगवेगळ्या व्हाळांच्या पाणलोटात असू शकतात. उलट कधी एकाच मळ्यात ६०० मीटर अंतरावर असूनही त्या एकाच झऱ्यावर असतात. मोजणीचा निकाल आपल्या विरुद्ध गेला, तर तो लपवू नये. उपसा कमी करण्याचा प्रस्ताव त्याच आकड्यांवर मांडता येतो, आणि असा प्रस्ताव अधिकारी सहसा ऐकून घेतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या गावाजवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, अर्ज एकाच विषयाचा ठेवावा आणि तो १५० शब्दांत बसवावा. माहिती ३० दिवसांत मिळणे अपेक्षित असते, म्हणून हा अर्ज जानेवारीतच जायला हवा. किनाऱ्यालगतच्या पुळणीतील (वाळूच्या पट्ट्यातील) विहिरींत पाण्याची चवही नोंदवावी, कारण तेथे जास्त उपशाने खारे पाणी आत येते आणि हे नुकसान सर्वांचेच असते.

नोटिशीला उत्तर

नोटीस हातात आली की ती कोणत्या तारखेला मिळाली हे तिच्यावरच लिहून ठेवावे. मग चार गोष्टी पाहाव्यात: कोणत्या कायद्याचे कोणते कलम दिले आहे, कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे, टंचाईग्रस्त क्षेत्र जाहीर केल्याचा आदेश जोडला आहे का, आणि उत्तराला किती मुदत आहे. कलमाचा उल्लेखच नसेल, तर तो कळवावा आणि तांत्रिक अहवालाची प्रत द्यावी, अशी मागणी त्याच दिवशी करावी. तोंडी आदेशावरून भांडण करू नये. शांतपणे लेखी मागावे. पंपाच्या खोलीला सील लावायला कोणी आले तर अडवू नये, पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि त्यावर आपले म्हणणे लिहून मगच सही करावी.

पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे हे मान्य करूनच उत्तर लिहावे. ही माझी ठाम सूचना आहे. गावातल्या बायका हंडा घेऊन उभ्या असताना आगराचा हक्क आधी मांडणारा अर्ज कोणत्याही कार्यालयात सहानुभूती मिळवत नाही, आणि मिळवूही नये. उत्तराचा मजकूर असा ठेवता येईल:

“आपली नोटीस मला अमुक तारखेस मिळाली. पिण्याच्या पाण्याला प्रथम प्राधान्य आहे हे मला मान्य आहे. माझी विहीर अमुक साली बांधलेली असून तिची नोंद सोबतच्या कागदपत्रांत आहे. माझ्या उपशाचा योजनेच्या विहिरीवर परिणाम होतो किंवा कसे, याची भूजल सर्वेक्षण यंत्रणेमार्फत माझ्या समक्ष तपासणी व्हावी. तोपर्यंत झाडे जगविण्यापुरते, एक दिवसाआड पहाटे दोन तास पाणी देण्याची मुभा मिळावी. आवश्यकता भासल्यास माझ्या विहिरीतून वाडीला पिण्यासाठी पाणी देण्यास माझी तयारी आहे.”

शेवटचे वाक्य मनापासून शक्य असेल तरच लिहावे. सोबत झाडांची संख्या, त्यांचे वय आणि ठिबक बसवले असल्यास त्याचा पुरावा जोडावा, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून झाडे जगवण्यासाठी लागणाऱ्या किमान पाण्याबाबत पत्र मागावे. संपूर्ण मुभा मागणाऱ्या अर्जापेक्षा तासांत आणि दिवसांत बोलणारा अर्ज मंजूर होण्याची शक्यता जास्त असते. उभ्या बागेचे नुकसान होत असेल तर फोटो, पंचनामा आणि भरपाईची मागणी हेही त्याच वेळी लेखी नोंदवावे.

वाद शेजाऱ्याशी असेल तर

शेजाऱ्याने नवी बोअर मारली आणि आपली विहीर आटली, ही तक्रार आता वाढत चालली आहे. येथे कायदा आपल्याला वाटतो तितका सोबत करत नाही. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १७ नुसार निश्चित प्रवाहातून न वाहणाऱ्या भूजलावर केवळ दीर्घ वहिवाटीने हक्क मिळत नाही. म्हणून “आमची पन्नास वर्षांची विहीर” एवढे सांगून दावा जिंकता येईल, अशी आशा धरू नये. बोअर ६० मीटरपेक्षा खोल आहे का, ती सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय मारली आहे का, हे तपासून भूजल कायद्याखाली तक्रार करणे अधिक उपयोगी.

सामाईक विहिरीवरून हटकले असेल किंवा पाट बुजवला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. शेतीसाठी वापरात असलेल्या विहिरीच्या, तळ्याच्या किंवा पाटाच्या पाण्यापासून कोणी बेकायदा वंचित केले, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो; मात्र घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत फार वेळा हातची जाते, कारण गावकीच्या बैठकांत दोन पावसाळे निघून जातात. बैठका जरूर घ्याव्यात, पण दावा आधी दाखल करून. आपल्या हक्काच्या पाण्याची पाइपलाइन दुसऱ्याच्या जमिनीतून न्यायची असेल आणि तो संमती देत नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा.

आदेश विरुद्ध गेला तर

महसूल संहितेखालील अपिलाला, जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांची मुदत असते. भूजल कायद्याखालील आदेशाची अपिलाची वाट आणि मुदत वेगळी असू शकते, म्हणून आदेशाच्या तळाशी काय लिहिले आहे ते वकिलाला दाखवावे. शासनाविरुद्ध दिवाणी दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने त्यातून सूट मिळते. खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. उच्च न्यायालयात जायचे झाल्यास रत्नागिरी व सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच (मुंबई उच्च न्यायालयाचे तेथे बसणारे पीठ) आहे. रायगड, ठाणे व पालघरकरांना मुंबईलाच जावे लागते.

टंचाईचा आदेश मुदतीचा असतो. पाऊस लागल्यावर सगळे तो विसरतात, आणि कागदावर पंप बंदच राहतो. म्हणून मुदत संपताच सील काढल्याचा पंचनामा आणि वीजजोडणी पूर्ववत केल्याचे पत्र मागून घ्यावे, तलाठ्याकडे विहीर चालू असल्याची नोंद तपासावी, आणि ऑक्टोबरमध्ये दोरी टाकून वहीतले पहिले माप लिहावे.