घरातल्या दिव्याखाली मिरची

सदनिकेला बाल्कनी नसली तरी मिरची घरात वाढवता येते. मात्र पहिल्या खेपेस माझी रोपे दोऱ्यासारखी लांबून आडवी पडली, कारण खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटला तरी रोपांना तो अपुरा होता. म्हणून पांढऱ्या एलईडीची पट्टी शेंड्यांपासून साधारण वीतभर वर टांगावी, रोज 14 ते 16 तास चालू ठेवावी आणि रोप वाढेल तशी ती वर सरकवावी. बी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखताच्या मिश्रणात अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. उगवायला आठ-दहा दिवस सहज लागतात, त्यामुळे चौथ्याच दिवशी उकरून पाहण्याचा माझ्यासारखा उतावीळपणा करू नये. पाणी घालण्याआधी बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसावे आणि ते कोरडे निघाले तरच पाणी द्यावे, कारण सतत ओल राहिल्यास बुरशीने कोवळे खोड मातीलगत मऊ पडते आणि रोप एका रात्रीत कोलमडते. चार-सहा खरी पाने (पहिल्या दोन बीजपानांनंतर येणारी) आल्यावर रोप 10 इंची कुंडीत हलवावे. घरात वारा नसतो, मधमाशाही फिरकत नाहीत. तेव्हा फुले उमलली की सकाळी देठाला हलकी टिचकी मारावी, म्हणजे पराग झडून फळ धरते.