माशाच्या जीवाश्मातली खनिजं तपासताय? या चुका टाळा

आलेख हाती आला की पहिला प्रश्न पडतो, हे शिखर कोणत्या खनिजाचं? त्याआधी विचारा, ते कोणाचं: माशाचं, खडकाचं, की आपणच लावलेल्या गोंदाचं?

म्हणून हाडाला लागून असलेला, पण हाड नसलेला खडकाचा तुकडाही त्याच पद्धतीने मोजा. तांब्याच्या नळीवरच्या एक्सआरडीत (क्ष-किरण कोणत्या कोनात वळतात त्यावरून खनिज ओळखण्याच्या पद्धतीत) २९.४ अंशाला शिखर आलं तर कॅल्साइट आहे, एवढंच कळतं. ते हाडाच्या पोकळ्यांत साचलंय की खरवडताना सोबत आलं, हे ठरवायला खडकाचा आलेख शेजारी हवाच. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात.

संगणकाने सुचवलेलं पहिलं नाव तसंच उचलू नका. ताज्या हाडातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज अ‍ॅपटाइट पुरल्यावर बहुधा फ्लोरिन घेतं आणि त्याची अणूंची स्फटिकजाळी किंचित आकसते: हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा 'ए' अक्ष (जाळीची एक बाजू) सुमारे ९.४२ अँगस्ट्रॉम, फ्लोरअ‍ॅपटाइटचा ९.३७. आलेखावर याचा अर्थ ३३ अंशांजवळचं शिखर जेमतेम ०.२ अंश सरकतं. इकडे पूड साच्यात ०.२ मिलिमीटर खाली बसली, तरी ०.१ अंशाची चूक सहज होते! म्हणजे निष्कर्ष खनिजाचा की साचा भरणाऱ्या हाताचा, हेच कळेनासं होतं. पुडीत थोडं शुद्ध सिलिकॉन मिसळा आणि त्याचं २८.४४ अंशांचं शिखर जागेवर आहे ना, ते आधी पाहा. त्यातून ३३.१ अंशांच्या आसपास पायराइट आणि हेमटाइटही येऊन बसतात. जीवाश्म काळा किंवा तांबूस असेल तर त्यांची बाकीची शिखरंही शोधा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी सोन्याचा मुलामा देण्याची सवय इथे नडते. तिथे मूलद्रव्यं त्यांच्या क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून ओळखतात: सोन्याची रेषा २.१२ केईव्हीला (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट), फॉस्फरसची २.०१ला, दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि ज्या फॉस्फेटसाठी खटाटोप केला तेच संशयास्पद होतं. कार्बनचा मुलामा द्या. फ्लोरिनचंही तसंच: त्याची ०.६८ केईव्हीची रेषा लोहाच्या ०.७० केईव्हीच्या रेषेला चिकटते, त्यामुळे गंजलेल्या नमुन्यात 'फ्लोरिन सापडलं' म्हणण्याची घाई नको. कॅल्शियम-फॉस्फरसचं १.६७ हे गुणोत्तर अणूंच्या संख्येचं आहे. वजनाच्या टक्क्यांवरून काढलं तर ते सुमारे २.१६ येतं.

एफटीआयआरमध्ये (नमुना कोणता अवरक्त प्रकाश शोषतो ते पाहण्याच्या पद्धतीत) १७३० प्रति सेंटिमीटरजवळ उंचवटा दिसला तर प्राचीन सेंद्रिय द्रव्याच्या आनंदात नाचू नका. जीवाश्म पक्का करायला लावलेली अ‍ॅक्रिलिक राळ तिथेच दिसते. काय लावलं होतं ते संग्रहालयाच्या नोंदवहीत पाहा. ५६५ आणि ६०५ च्या जोडशिखरांवरून स्फटिकता काढत असाल तर सगळे नमुने सारखेच घोटा, कारण घोटण्यानेही तो आकडा बदलतो.

रामनमध्ये (लेझरचा प्रकाश कसा विखुरतो त्यावरून खनिज ओळखण्याच्या पद्धतीत) नमुन्याच्या स्वतःच्या चकाकीने (फ्लुओरेसन्सने) आलेख बुडाला की लेझरची ताकद वाढवू नका. नमुना करपेल, चकाकी तशीच राहील. ५३२ ऐवजी ७८५ नॅनोमीटरचा लेझर लावून पाहा.

आणि कर्णाश्मात अ‍ॅपटाइट शोधत बसू नका. माशाच्या कानातले हे खडे मुळात बहुधा अ‍ॅरगोनाइटचे असतात आणि काळाच्या ओघात त्यांचं कॅल्साइट होऊ शकतं. रामनमध्ये दोघांची १०८५ प्रति सेंटिमीटरजवळची मोठी रेषा जवळजवळ सारखीच. फरक खालच्या टोकाला दिसतो: अ‍ॅरगोनाइटची २०६ जवळ, कॅल्साइटची २८१ जवळ. मोजणी १०० पासून सुरू करा.