काचबंद छपरीची थंडीची तयारी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले की हे काम हाती घ्यायचं. डिसेंबरात दात वाजायला लागल्यावर दुकानात गेलेला माणूस समोर दिसेल तो हिटर उचलून आणतो आणि जानेवारीचं बिल आलं की तो माळ्यावर टाकतो. आमची समोरची छपरी १० बाय १२ फुटांची आहे. वर टिनं, दोन बाजूंना कमरेएवढी भिंत आणि त्यावर सरकत्या काचा. माकडं आणि रस्त्याची धूळ यांच्यापायी ती बंद करून घेतली होती. आता म्हाताऱ्या आईची बसायची जागा तीच आहे, कारण तिथून अख्खा रस्ता दिसतो. उन्हाळ्याची धास्ती आपण सगळेच घेतो, पण विदर्भाची थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा पहाटे काचेच्या खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय होतं, ते घरातल्यांनी आधीच ओळखायला हवं.

सगळ्यात आधी कागद-पेन्सिल घ्या. खोलीत कोण बसतं, किती वाजता आणि किती वेळ, एवढंच लिहायचं. आमच्याकडे उत्तर निघालं संध्याकाळी सहा ते साडेआठ आणि सकाळी ऊन येईपर्यंत तासभर. रात्री तिथे कोणी झोपत नाही. म्हणजे खोली रात्रभर तापवायची गरज नव्हती, एका माणसाला साडेतीन तास ऊब हवी होती. खर्चाचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

मग वर बघा. थंडी काचेतून येते असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण छताकडे कोणाचं लक्ष जात नाही. आत-बाहेर १० अंशांचा फरक असला तर एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून ५५ ते ६० वॉट उष्णता निघून जाते. आमची काच १० चौरस मीटर भरते, म्हणजे जवळपास पावणेसहाशे वॉट. उघड्या टिनाची गत त्याहून वाईट. आमच्या ११ चौरस मीटर टिनातून साडेसातशे वॉटच्या आसपास उष्णता जाते. आभाळ निरभ्र असलं की रात्री टिन हवेपेक्षाही थंड पडतं आणि पहाटे त्याला आतून दव धरून थेंब टपकतात. त्याखाली इंचभर जाडीचा थर्माकोल बसवला की तीच गळती दीडशे वॉटच्या आत येते. इतका फरक कुठल्याही हिटरने पडत नाही, आणि हा खर्च एकदाच. मात्र थर्माकोल उघडा ठेवू नका. तो लगेच पेट घेतो आणि उंदीरही कुरतडतात. खालून जिप्समचा बोर्ड लावून घ्या, कडा नीट बंद करा. हेच छत मे महिन्यात टिनाची आगही अडवतं, म्हणून पैसे घालायचे तर पहिले इथे.

दुसरी गळती आपल्याकडच्या प्रत्येक घरात आहे आणि ती म्हणजे कूलरची खिडकी. होळीला लावलेला कूलर पावसाळा सरला तरी तिथेच उभा असतो. त्याच्या गवताच्या ताट्यांतून आणि पंख्याच्या गोल भोकातून थंड वारा सरळ आत येतो. मागच्या वर्षी मी संध्याकाळी त्या पंख्यासमोर उदबत्ती धरली, तर धूर वाकडा होऊन खोलीभर पसरला. कूलर काढून, टाकी कोरडी करून बाजूला ठेवायचा आणि खिडकीच्या मापाची प्लायवूडची फळी नटबोल्टने कसायची. खिळे ठोकू नका, मार्चमध्ये ती काढायचीच आहे.

सरकत्या काचांच्या फटींना ब्रशची पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजते. नवी बसवून घ्या किंवा फोमची चिकटपट्टी लावा. दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी पुरते. काचांवर जाड पडदा हवा आणि तो खाली भिंतीपर्यंत टेकलेला हवा. आम्ही दोन जुन्या गोधड्यांना कड्या शिवून टाकल्या, बाजारच्या पडद्यापेक्षा त्या बऱ्या निघाल्या.

ऊन फुकट आहे, ते पकडायची तयारीही यादीत घ्या. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालाही सूर्य आपल्याकडे जेमतेम ४५ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या काचेतून ऊन खोलीत खोलवर येतं. त्या बाजूला वाळत घातलेले कपडे, रचलेली पोती आणि हिरवी जाळी हे सगळं नोव्हेंबरातच हलवा. काचा धुऊन घ्या, कापूस वेचणीच्या दिवसांतल्या धुळीचा थर त्यांच्यावर असतोच. दुपारी खोली तापली की साडेचारच्या सुमारास, ऊन कलायच्या आधी, काचा बंद करायच्या आणि पडदे मात्र ऊन गेल्यावर ओढायचे. उन्हाच्या पट्ट्यात काळा रंग दिलेला २०० लिटरचा ड्रम पाण्याने भरून, घट्ट झाकून ठेवता आला तर फार उत्तम. तेवढं पाणी रात्री ५ अंशांनी निवताना एका युनिटाहून थोड्या जास्त विजेएवढी उष्णता खोलीला परत देतं.

आता जी गोष्ट यादीतून कायमची खोडायची ती सांगतो. बंद खोलीत शेगडी नको, घमेल्यातले निखारेही नकोत. दोन हिवाळ्यांमागे हे मीच केलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, बाहेर जाळली, धूर सरला, लालबुंद निखारे घमेल्यात भरून आईच्या पायाशी ठेवले आणि काचा लावून घेतल्या. तासाभराने ती म्हणाली, “डोकं जड झालं बाप्पा, दार उघड.” मळमळही होत होती. तिला उचलूनच अंगणात आणलं. निखाऱ्याला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत असलेला माणूस उठतच नाही. त्या दिवशी तिला डोळा लागला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. शेकोटी अंगणातच चांगली. सिलिंडरवरचा गॅस हिटरही बंद खोलीत आणू नका. तो खोलीतला प्राणवायू खातो, आणि एक किलो गॅस जळताना दीड किलोच्या वर पाण्याची वाफ सोडतो, ती काचांवर ओघळते.

हिटर निवडायची पाळी याच्यानंतर येते. दुकानदार सांगेल की तेलाचा रेडिएटर वीज वाचवतो. एक युनिट वीज जाळली की साध्या दांडीच्या हिटरमधून, ब्लोअरमधून किंवा रेडिएटरमधून उष्णता सारखीच निघते. फरक असतो तो ती कुठे जाते याचा. रेडिएटर आणि ब्लोअर हवा तापवतात, आणि ती हवा फटींतून निघून जाते. दांडीच्या हिटरची धग उन्हासारखी सरळ अंगावर येते. जिथे हवा टिकत नाही तिथे तोच कामाचा. हिशेब मांडून पाहा. २,००० वॉटचा रेडिएटर गळक्या खोलीत साडेतीन तास चालला तर रोजचे ७ युनिट, महिन्याचे २१०. घरचा हिवाळी वापर १२० धरला तर बेरीज ३३० होते आणि वरचे ३० युनिट महागड्या टप्प्यात जातात, कारण घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात. ८०० वॉटची दांडी तेवढाच वेळ लावली तर महिन्याला ८४ युनिटांत भागतं. ज्यांना उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच आहे त्यांनी गरम-थंड दोन्ही करणारा बघावा. तो एका युनिटात साधारण तिप्पट उष्णता देतो. नुसत्या थंडीसाठी मात्र तो विकत घेऊ नका.

आणि गरम पाण्याची रबरी पिशवी विसरू नका. संध्याकाळच्या चुलीवर पाणी तापतंच. उकळतं भरायचं नाही, पिशवीवर फडकं गुंडाळायचं. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांच्या पायांशी ती ठेवूच नका, मांडीवर शालीवरून द्या.

वायरमनला थंडीआधीच बोलवा. १,००० वॉटच्या वरचा हिटर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावायचा, त्याला तांब्याची स्वतंत्र वायर आणि चालू अर्थिंग हवी. एक्स्टेन्शन बोर्डावर अजिबात नाही. हिटरवर आयएसआयची खूण आणि पडला तर आपोआप बंद होणारी कळ आहे का ते पाहा. तो पडद्यापासून, गोधडीपासून तीन फूट लांब राहील अशी जागा खडूने आखून ठेवा. गावात संध्याकाळी व्होल्टेज बसतं. २३० ऐवजी १८० आलं की १,००० वॉटचा हिटर सहाशे वॉटवर येतो. तेव्हा तो बिघडला असं समजून दुसरा आणायला धावू नका.

शेवटी भिंतीवर साधा थर्मामीटर टांगा आणि नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी सगळं लावून बसून पाहा. आमच्याकडे बाहेर ११ असताना आत १८ होते आणि आईने शाल खांद्यावरून मांडीवर घेतली होती.