घर एकटीच्या कमाईवर चालतंय? आधी पैसे कुठल्या खात्यात पडतायत ते बघा

आमच्या इंदूरच्या रामबागेत एक ताई आहेत, मिस्टर गेल्यापासून भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांचे डबे करतात. परवा म्हणाल्या, लाडली बहनाचे पैसे (एमपी सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला टाकतं ते) तीन महिने आलेच नाहीत, नाव कापलं वाटतं. नाव वगैरे काही कापलं नव्हतं, मधे मुलीच्या स्कॉलरशिपसाठी दुसऱ्या बँकेत जॉइंट खातं काढलं, तिथे कागदांच्या गठ्ठ्यात डीबीटीच्या (सरकारी पैसा थेट खात्यात येतो त्या) फॉर्मवर पण सही झाली आणि पैसे गुपचूप तिकडे जमा होत होते!

तर पहिलं काम हे. सरकारी पैसा आधारला शेवटी जे खातं जोडलं त्यात जातो, पासबुक कुठलं दाखवलं होतं त्याला काही अर्थ नाही. माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते बघा, बँकेचं नाव दिसतं. आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर यायला हवा, कितीतरी जणींच्या आधारला अजून दिराचा नंबर आहे, तो आधार सेंटरवर जाऊन बदलून घ्या, लाजू नका.

मग समग्र, म्हणजे एमपी सरकारची परिवाराची नोंद. 8 अंकी परिवाराची आणि 9 अंकी स्वतःची आयडी, दोन्ही एका कागदावर लिहून ठेवा आणि ईकेवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय का तेही बघून घ्या. विधवा पेन्शनच्या फॉर्मवर आपल्या एमपीत "कल्याणी" लिहिलेलं असतं, ते वाचून गोंधळू नका, महिन्याचे 600 त्याचेच. कमी आहेत, मान्य, पण गॅसला हातभार लागतो.

पासबुक घेऊन बँकेत जालच तर नॉमिनी विचारा. ताईंच्या खात्यावर नॉमिनी कोण, तर गेलेले मिस्टरच! मुलीचं नाव घातलं, ती लहान म्हणून सोबत मामाचं. त्याच खेपेला पंतप्रधान योजनेचे दोन्ही विमे करा, जीवन ज्योती वर्षाला 436, सुरक्षा 20, दोन्हीत 2-2 लाख (सुरक्षा फक्त अपघाताला), पण जीवन ज्योतीत नाव घालायला वय पन्नासच्या आत हवं. मे संपता संपता पैसे कटतात तेव्हा खात्यात 456 असू द्या, नाहीतर विमा बंद पडतो आणि कळत पण नाही.

समूह लोनबद्दल (बायकांचा गट करून देतात ते कर्ज) माझं मत कडक आहे. मशीन घ्यायला, हातगाडी लावायला ठीक, लग्नाला किंवा जुना हप्ता फेडायला अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे की घरातले सगळे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्यावर जायला नकोत, एजंट सांगणार नाही, तुम्हीच मोजा. ठेलेवाल्या बायकांनी आधी स्वनिधीचं (ठेलेवाल्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज) विचारावं, वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज परत मिळतं.

आणि डब्याचा भाव! आम्ही ताईंच्या ओट्यावर वही घेऊन बसलो, पीठ, तेल, भाजी सगळं लिहिलं, डब्यामागे 14 रुपये सुटत होते, ताई खूश. मग मी विचारलं सिलिंडर किती दिवस जातो? गॅस धरलाच नव्हता, पोचवणाऱ्या पोराचे पैसे पण नाही. पुन्हा मांडलं तर उरले साडेपाच. एक तारखेपासून डबा 10 रुपयांनी वाढवला, दोन पोरं सोडून गेली, बाकीची अजून जेवतायत.